विद्यार्थ्याचा प्रकल्प आणि जयपूरचा गुडघा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



समाजातील मुले अभियंता होतात, याचे आता कोणाला नवल राहिलेले नाही. ज्या घरांतील तीन-तीन पिढ्या पेढीवर बसल्या, त्या घरांतून मुलगा किंवा मुलगी यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश घेते. प्रवेशाचा आनंद होतो, शुल्काची चिंता होते, ट्रस्टकडे शिष्यवृत्तीचा अर्ज येतो आणि तो बहुधा मंजूरही होतो. पुढील चार वर्षे हा विद्यार्थी महाविद्यालयात नेमके काय करतो, हे विचारण्याची मात्र पद्धत नाही. शेवटच्या वर्षी तो 'प्रोजेक्ट' करतो एवढे आईला ठाऊक असते, आणि त्या प्रोजेक्टसाठी पैसे लागतात एवढे वडिलांना ठाऊक असते.

या प्रोजेक्टविषयी आज थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. शहरांतून तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, हे आता उघड गुपित आहे. चार विद्यार्थी वर्गणी काढतात, एखाद्या वर्कशॉपमधून यंत्र रंगवून आणतात, सोबत छापील अहवालही मिळतो. परीक्षेच्या दिवशी यंत्र फिरते, गुण मिळतात आणि दुसऱ्या दिवशी ते यंत्र भंगारात जाते. यात केवळ मुलांना दोष देऊन भागणार नाही. त्या यंत्राची वाट पाहणारा माणूस जगात कोठेच नसतो, हे खरे दुखणे आहे. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ताका उलगडायला लावते, कापड बोटांत चुरगळून पाहते, उजेडात नेऊन रंग तपासते, आणि पसंत नसेल तर निर्विकारपणे उठून जाते. विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टला असे गिऱ्हाईकच नसते. त्याला फक्त परीक्षक असतो.

जेथे असे गिऱ्हाईक भेटले, तेथे काय घडले, याचे एक उदाहरण आज सविस्तर मांडावयाचे आहे. ते अमेरिकेतील विद्यार्थ्यांचे आहे. परंतु त्याचा अर्धा भाग भारतात, आणि तोही भगवान महावीरांचे नाव धारण केलेल्या एका संस्थेत घडलेला आहे.

जयपूर येथील भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना १९७५ साली झाली. ते भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे वर्ष होते. जैन ध्वज आणि जैन प्रतीक सर्व पंथांनी एकमताने स्वीकारले ते याच पर्वात, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल. सुवर्णमहोत्सव साजरा करणारा हा ट्रस्ट आणि जयपूरची ती समिती जवळजवळ समवयस्क होत. समितीचे संस्थापक श्री. देवेंद्र राज मेहता हे भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आणि १९९५ ते २००२ या काळात सेबीचे अध्यक्ष झाले. १९६९ साली मोटार अपघातात त्यांचा पाय कापण्याची वेळ आली होती, तो वाचला. ज्यांचा वाचत नाही त्यांचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून राहिला.

जयपूर फूट त्यापूर्वीच, म्हणजे १९६८ च्या सुमारास, सवाई मानसिंह रुग्णालयात तयार झाला होता. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना त्यासाठी १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. परंतु पाऊल प्रत्यक्ष घडविले ते रामचंद्र शर्मा या कारागिराने. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. त्यांचे शालेय शिक्षण अगदी थोडे होते. सायकलचे पंक्चर काढून घेताना टायरच्या दुकानात रबर तापवून जोडताना पाहिले आणि पाऊलही तसेच करता येईल असे त्यांना सुचले, अशी हकीकत सांगतात. पाश्चात्त्य पाऊल बुटात घालण्यासाठी बनविलेले होते. ते टणक, आणि बुटाविना निरुपयोगी. भारतीय माणूस शेतात अनवाणी चालतो, जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. आपल्या समाजाच्या दृष्टीने पाहिले तर मंदिरात पादत्राणे घालून जाता येत नाही आणि सामायिकाला खुर्ची शोभत नाही. रबर, लाकूड आणि टायरमधील दोरा यांपासून साच्यात भाजून काढलेले मास्टरजींचे पाऊल वाकत होते, पाण्याला दाद देत नव्हते आणि दिसायलाही पावलासारखे होते.

समितीने हे पाऊल मोफत देण्यास आरंभ केला. नळीसाठी शेतातील पाइपलाइनला वापरतात ते एच.डी.पी.ई. पाइप आले. पाय गमावलेली व्यक्ती येते, प्लास्टरमध्ये तिच्या पायाचा ठसा घेतात, त्या ठशावर तापविलेला पाइप ओढून बसवितात आणि पुष्कळदा त्याच दिवशी ती व्यक्ती चालत बाहेर पडते. आजवर २० लाखांहून अधिक दिव्यांगांना समितीने कृत्रिम अवयव, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी आदी साधने दिली आहेत.

एक अडचण मात्र दीर्घकाळ राहिली. ज्याचा पाय गुडघ्याखाली गेला, त्याचे काम जयपूर फूटने उत्तम केले. ज्याचा गुडघाच गेला, त्याला सांधाही द्यावा लागतो. दाराच्या बिजागरीसारखा एकाच खिळ्यावर फिरणारा सांधा स्वस्त असतो, परंतु टाच टेकताना शरीराचा भार खिळ्याच्या मागे पडला की तो अवचित दुमडतो आणि माणूस कोसळतो. हे टाळण्यासाठी सांध्याला कडी घातली तर पाय काठीसारखा ताठ राहतो. तो बाजूने फिरवून टाकावा लागतो आणि बसताना हाताने कडी काढावी लागते. परदेशातील टायटॅनियमचे गुडघे चांगले होते, पण त्यांच्या किमती हजारो डॉलरमध्ये होत्या. मोफत देणाऱ्या संस्थेला ते कसे परवडावे?

हा प्रश्न २००८ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांपुढे वर्गातील प्रकल्प म्हणून आला. त्या गटात मूळचा जमैकाचा जोएल सॅडलर आणि एरिक थॉर्सेल हे विद्यार्थी होते. प्रश्न समितीचा होता आणि त्याच्या अटीही समितीच्या होत्या. गुडघा स्वस्त असावा. तो साध्या यंत्रांवर घडविता यावा. धूळ, चिखल आणि उष्णता यांत तो टिकावा. त्यावर चालता यावेच, पण खाली बसताही यावे. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात अशा अटी सहसा नसतात. तेथे घर्षणसुद्धा पुष्कळदा शून्य धरलेले असते!

विद्यार्थ्यांनी जी युक्ती निवडली ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातच शिकविली जाते. चार दांड्या चार खिळ्यांनी एकमेकींना जोडल्या की जी रचना होते तिला फोर-बार म्हणतात. कापड दुकानाबाहेर बसणाऱ्या शिंपीदादांच्या पायमशीनमध्ये हीच रचना असते. पायडल वरखाली होते, दांडी हलते, चाक फिरते आणि मशीनचा सांगाडा ही चौथी दांडी. वर्षानुवर्षे ही रचना सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

तीच रचना गुडघ्यात घातली की एक वेगळीच गोष्ट घडते. बिजागरीत फिरण्याचे केंद्र खिळ्यापाशी कायमचे ठरलेले असते. फोर-बारमध्ये हे केंद्र एके ठिकाणी राहत नाही. पाय वाकेल तसे ते सरकते. पाय सरळ असताना ते प्रत्यक्ष सांध्याच्या वर आणि मागे असते. त्यामुळे भाराची रेषा त्याच्या पुढून जाते आणि शरीराचे वजनच गुडघ्याला सरळ धरून ठेवते. कडीची गरज उरत नाही. पाऊल उचलून पुढे टाकताना गुडघा वाकतो, केंद्र खाली व पुढे येते आणि पाय किंचित आखूड झाल्यासारखा होतो. परिणामी पावलाचा चवडा जमिनीला अडखळत नाही. निसर्गाने दिलेला गुडघाही निव्वळ बिजागरी नाही. त्यात हाड फिरते तसे घसरतेही, आणि आतील दोन स्नायुबंध एकमेकांना छेदून जातात. विद्यार्थ्यांनी ही युक्ती नव्याने शोधली असे नाही. महागड्या गुडघ्यांत ती होतीच. ती हजार रुपयांत बसविणे हे त्यांचे कर्तृत्व होय.

त्यासाठी धातू सोडून त्यांनी तेल मुरविलेले नायलॉन घेतले. या नायलॉनला वंगण घालावे लागत नाही, ते गंजत नाही आणि लेथवर, ड्रिलवर सहज कापले जाते. पहिल्या आवृत्तीत प्लास्टिकचे पाच तुकडे आणि चार नट-बोल्ट, एवढेच भाग होते. एखादा बोल्ट झिजला तर गावातील हार्डवेअरच्या दुकानात दुसरा मिळावा, इतकी ती रचना साधी होती. किंमत सुमारे २० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने हजार रुपयांच्या आसपास. 'टाइम' साप्ताहिकाने २००९ सालच्या पन्नास उत्कृष्ट शोधांत या गुडघ्याचा समावेश केला.

वृत्तपत्रांनी तेव्हा किमतीचे कौतुक केले. व्यापारी समाजाला किमतीचे कौतुक असणे स्वाभाविकच आहे. परंतु खरी गोष्ट किमतीच्या पुढे होती. सत्र संपले, गुण मिळाले, आणि तरीही गुडघा भंगारात गेला नाही. तो जयपूरच्या कार्यशाळेत आला, तेथील तंत्रज्ञांनी हाताळला आणि ज्यांना गुडघा नव्हता अशा माणसांनी पायात घातला. विद्यापीठात उत्तम प्रयोगशाळा असते, संगणक असतो, विद्वान प्राध्यापक असतात. रोज उंबऱ्याशी येणारे रुग्ण, दिवसभर पाय घडविणारे कारागीर आणि 'हे चालणार नाही' असे तोंडावर सांगण्याचा अधिकार असलेला माणूस मात्र तेथे नसतो. तो जयपूरला होता. विद्यार्थ्यांच्या बुद्धीइतकाच या गुडघ्यात समितीच्या उंबऱ्याचा वाटा आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

वापरणाऱ्यांच्या गरजा पुढच्या आवृत्तीत उमटल्या आणि त्या मोठ्या बोलक्या आहेत. चालताना सांधा सरळ होतो तेव्हा होणारा खट्ट आवाज कमी व्हावा म्हणून त्यात मऊ टेकण बसविण्यात आले. पँटच्या आत चौकोनी ठोकळा दिसू नये म्हणून गुडघ्याला गोलाई देण्यात आली. १६५ अंशांपर्यंत वाकण्याची सोय करण्यात आली, म्हणजे उकिडवे बसणे आणि सायकल चालविणे शक्य व्हावे. यंत्राच्या दृष्टीने आवाज आणि आकार या क्षुल्लक बाबी होत. पण लग्नसमारंभात चार माणसांतून जाताना प्रत्येक पावलाला खट्ट असा आवाज झाला तर त्या माणसाला काय वाटेल? हे समीकरणातून कळत नाही.

घडविण्याची पद्धतही बदलावी लागली. ठोकळ्यातून एकेक तुकडा कापून काढणे शंभर गुडघ्यांपर्यंत ठीक. हजारो हवे असतील तर साचा करून वितळलेले प्लास्टिक त्यात भरावे लागते. साचा महाग असतो. तथापि तो एकदाच करावा लागतो आणि त्याचा खर्च नगांवर वाटला जातो. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांचा हा हिशेब वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी येतो, अभियंत्याला मात्र पुष्कळदा नोकरीत गेल्यावर उमगतो. घरात पेढीचे संस्कार असलेल्या विद्यार्थ्याला येथे उपजत फायदा आहे, आणि त्याने तो घेण्यास संकोचू नये. सॅन फ्रान्सिस्को येथील डी-रेव्ह या ना-नफा संस्थेने ही साच्याची सुधारित आवृत्ती पुढे नेली.

टिकाऊपणाचाही एक हिशेब पाहावा. कृत्रिम पायांसाठी आय.एस.ओ. १०३२८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातील एका चाचणीत नमुन्यावर ३० लाख वेळा भार टाकतात. आकडा अवाढव्य वाटतो. परंतु एका पायाने दिवसाला ३,००० पावले टाकणारा माणूस वर्षाला जवळजवळ ११ लाख पावले टाकतो. म्हणजे ३० लाख ही जेमतेम पावणेतीन वर्षांची चाल झाली. परीक्षेच्या दिवशी दहा मिनिटे फिरणारे यंत्र आणि माणसाच्या अंगाखाली तीन वर्षे टिकणारे यंत्र, यांतील अंतर या एका आकड्यात दिसते.

असे काम परदेशी विद्यार्थ्यांनीच करावे असे काही नाही. चेन्नईच्या आय.आय.टी. मद्रासमध्ये प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या मार्गदर्शनाखाली पुनर्वसन साधनांचे संशोधन केंद्र आहे. तेथून २०१९ साली 'अराइज' ही बसलेल्या माणसाला उभे करणारी चाकांची खुर्ची आणि २०२२ साली 'कदम' हा संपूर्ण भारतीय बनावटीचा बहुकेंद्री गुडघा बाहेर आला. कदमच्या कामात बंगळूरच्या मोबिलिटी इंडिया या संस्थेचा सहभाग होता. म्हणजे तेथेही विद्यापीठाच्या जोडीला दिव्यांगांमध्ये वावरणारी संस्था होतीच.

आता प्रश्न येतो तो येथील विद्यार्थ्यांचा. सर्वांनी गुडघेच करावेत असा याचा अर्थ नाही. समाजाच्या नित्याच्या व्यवहारात अशी कितीतरी कामे पडून आहेत की ज्यांच्याकडे अभियंत्याचे लक्ष गेलेले नाही. पांजरपोळात बसलेली गाय उठत नाही तेव्हा पाच-सहा माणसे दोर आणि गोणपाट घेऊन तिला उचलतात. तिच्या बरगड्यांना न दुखविता दोन माणसांना तिला उभे करता येईल असे साधन हा उत्तम प्रकल्प आहे, आणि अहिंसेची ती प्रत्यक्ष सेवाही आहे. पालिताण्याच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या वृद्ध यात्रेकरू डोलीत बसून चढतात. बसणाऱ्याला आसन कसे असावे याचा विचार कोणीही करील; परंतु डोलीवाल्याच्या खांद्याला घट्टे पडतात, उतरताना सारा भार पुढच्या माणसावर येतो, त्याचा विचार कोण करणार? या प्रकल्पाचा खरा परीक्षक डोलीवालाच होय. धर्मशाळेतील जिना, भोजनशाळेतील पन्नास किलोची पातेली, गुडघे दुखणाऱ्या आजींना मंदिरात खाली बसून पुन्हा उठण्यासाठी आधार... यादी येथेच थांबविलेली बरी. विद्यार्थ्यांनी स्वतः जाऊन पाहिलेले अधिक चांगले.

मात्र यासाठी मदतीची पद्धत थोडी बदलावी लागेल. शिष्यवृत्तीतून आज शुल्क भरले जाते, पुस्तके येतात. लेथवर काम करून घेण्याचे पैसे, नायलॉनचा ठोकळा, फसलेला पहिला नमुना आणि फसलेला दुसरा नमुना यांना कोणत्याही अर्जात रकाना नसतो. फसलेल्या नमुन्याला पैसे देणे व्यापारी मनाला जड जाते, हे खरे. तथापि पहिला नमुना फसणारच, हे गृहीत धरल्याशिवाय दुसरा जन्माला येत नाही. आणि पैशांपेक्षाही ट्रस्टपाशी मोठे धन आहे ते ओळखीचे. पांजरपोळाचे व्यवस्थापक, रुग्णालयाचे डॉक्टर, कारखानदार, यात्रा संघ काढणारे संघपती हे सर्व याच सभागृहात बसलेले असतात. विद्यार्थ्याला त्यांच्यापर्यंत नेऊन सोडणे आणि त्यांनी त्याला खरे ते सांगणे, हे घडले तर विकत आणलेला प्रोजेक्ट आपोआप लाजेल.

पालकांसाठीही एक शब्द. मुलगा घरी येतो तेव्हा नखांत ग्रीस असते, शर्टावर वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोके असतात. मुलगी वर्कशॉपमध्ये उशिरापर्यंत थांबते म्हणून आई काळजीत पडते. 'एवढे शिकून मिस्त्रीचेच काम करायचे का?' हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. मास्टरजी मिस्त्रीच होते. वालचंद हिराचंद शेठजींचे उदाहरण तर समाजात वारंवार दिले जाते. परंतु सोलापूरच्या सुस्थितीतील व्यापारी घराण्यातील या तरुणाने घरचा धंदा बाजूला ठेवून प्रथम रेल्वेची कंत्राटे घेतली, माती-खडीच्या कामावर उभा राहिला, ही बाजू सांगताना बहुधा गाळली जाते. जहाजे, विमाने आणि मोटारी त्यानंतरच्या. १९४७ साली सांगलीत सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचे नाव मिळाले, ते शोभणारेच होते.

दानाच्या चार प्रकारांत अभयदानाचा महिमा थोर सांगितला आहे. त्याचा शास्त्रार्थ महाराजसाहेब आणि पंडितजन सांगतील. परंतु ज्याचा गुडघा चालता चालता दुमडत असे, तो माणूस एके दिवशी गर्दीच्या रस्त्यावर खाली न पाहता चालू लागतो, तेव्हा त्याला काय मिळाले याला दुसरे नाव चटकन सुचत नाही.

ज्या विद्यार्थ्यांना हे काम प्रत्यक्ष पाहावेसे वाटेल, त्यांच्यासाठी जयपूर काही दूर नाही. समितीच्या केंद्रात पाय गमावलेल्या व्यक्तीला पूर्वनोंदणीशिवाय केव्हाही प्रवेश मिळतो आणि तिची राहण्या-जेवणाची व्यवस्थाही होते. विद्यार्थ्यांनी मात्र आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी, सोबत मोजपट्टी आणि वही ठेवावी, आणि पहिला दिवस केवळ बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल पाहण्यात घालवावा.